परमिट

जुलैत आमच्या कॉलेजच्या तळमजल्यावर प्रवेशाची टेबलं लागतात. ओल्या छत्र्या, झेरॉक्सचे गठ्ठे, डोमिसाइल राहिलं म्हणून तहसीलकडे पळालेला कुणीतरी मामा, आणि माझ्यासमोर खुर्चीच्या कडेवर अवघडून बसलेले तुम्ही. मुलाचा पर्सेंटाइल तुम्हाला दशांशासकट पाठ असतो. पूर्वी "कॉम्प्युटर मिळेल का?" एवढंच विचारायचात. हल्ली ऑप्शन फॉर्मवर बोट ठेवून विचारता, "मॅडम, हे सायबर सिक्युरिटी काय आहे? स्कोप आहे का त्याला?"

मागे रांग असते, म्हणून "आहे, चांगला आहे" म्हणून मी मोकळी होते. घरी जाताना एसटीत ते उत्तर टोचत राहतं. आज रांग नाही. जरा बसून बोलू.

"आमच्या ह्याला फार नाद आहे हो कॉम्प्युटरचा," असं तुम्ही पुढे सांगता. नाद म्हणजे काय, असं विचारलं की तुमचा आवाज थोडा खाली येतो आणि त्यात कौतुक मिसळतं. "शेजाऱ्यांच्या वायफायचा पासवर्ड काढला त्यानं दोन मिनिटांत!" आई हसू दाबते. मुलगा जमिनीकडे बघत असतो, पण कान टवकारलेले. हा प्रसंग माझ्या टेबलापाशी दर वर्षी घडतो, आणि दर वर्षी मला एका वायरमनची आठवण येते.

पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. तिसऱ्या वर्षाच्या एका मुलाच्या लक्षात आलं की कॉलेजच्या वेबसाइटवर फीची पावती उघडली की वरच्या पत्त्यात शेवटी आपला नोंदणी क्रमांक दिसतो. त्यानं तो आकडा एकानं वाढवून पाहिला. दुसऱ्याची पावती उघडली. आणखी एकानं वाढवला, तिसऱ्याची. नाव, पत्ता, वडिलांचा मोबाइल नंबर, कुणाची किती फी थकली, सगळं. चूक वेबसाइट बनवणाऱ्याची होती आणि फारच बाळबोध होती. आत आलेल्या माणसाला ही पावती बघायचा हक्क आहे का, हे तिथे कुणी तपासतच नव्हतं. मुलानं काय करावं? वर्गाच्या ग्रुपवर फोटो टाकले. एका मुलीची थकलेली फी अख्ख्या वर्गानं पाहिली. ती आठवडाभर कॉलेजला आली नाही.

वडिलांना बोलावलं. ते वायरमन, ड्यूटीवरून तसेच आले होते, खिशात टेस्टर. केबिनमध्ये सगळे एकदम बोलत होते. कुणी पोलिसांत द्या म्हणत होतं, कुणाला मनातून त्याच्या डोक्याचं कौतुक वाटत होतं. वडिलांना तो पत्ता, तो आकडा काही उमगलं नव्हतं. त्यांनी मला हळूच विचारलं, "म्हंजे दुसऱ्याच्या लायनीवर हात घातला ह्यानं?" मी हो म्हटलं. मग ते मुलाकडे वळले.

"परमिट घेतलं हुतंस का?"

मुलाची मान खाली गेली. त्याला बरोब्बर कळलं होतं. मला मात्र नंतर व्हरांड्यात समजून घ्यावं लागलं. खांबावर चढायच्या आधी सबस्टेशनच्या ऑपरेटरकडून त्या लाइनचं परमिट घ्यायचं असतं. लाइन कोणती, काम काय, किती वाजता, कुणाच्या नावावर, सगळं रजिस्टरात. ऑपरेटर लाइन बंद करतो, मग अर्थिंग करायचं, मग वर चढायचं. काम संपलं की परमिट परत. ते परत आल्याशिवाय लाइन चार्ज होत नाही. "लाइन बंद दिसली म्हणून चढलो, असं चालत न्हाई मॅडम," ते म्हणाले. "माझ्या डोळ्यांदेखत माणूस गेलाय."

हे गृहस्थ दहावीपर्यंतही पोचले नव्हते. पण आम्ही शेवटच्या वर्षाला पेनिट्रेशन टेस्टिंग म्हणून जे शिकवतो, त्याचं पहिलं प्रकरण त्यांनी पाच मिनिटांत सांगून टाकलं. यंत्रणेतल्या फटी शोधायच्या तर आधी मालकाची लेखी परवानगी लागते. कोणत्या यंत्रणेची तपासणी, कधीपासून कधीपर्यंत, कशाला हात लावायचा आणि कशाला अजिबात नाही, हे त्यात लिहिलेलं असतं. चोराची आणि तपासणाऱ्याची हत्यारं बहुतेक वेळा अगदी तीच असतात, तीच सॉफ्टवेअरं, त्याच आज्ञा. मधे तो एक कागद.

आपला कायदाही इथेच येऊन थांबतो. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ची सगळी मदार मालकाच्या किंवा जबाबदार माणसाच्या परवानगीवर आहे. ती नसताना दुसऱ्याच्या संगणकात शिरणं, त्यातली माहिती उतरवून घेणं हे त्यात बसतं, आणि तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवण्याच्या हेतूनं केलं तर कलम ६६ लागू होऊन ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शेजारच्या वायफायची गोष्ट तुम्ही मला हसत सांगता तेव्हा मी का हसत नाही, ते आता लक्षात आलं असेल.

आणि आपल्याला यातलं काही कळत नाही, म्हणून मूल बिघडेल, असंही मनात आणू नका. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट टॅपन मॉरिस नावाच्या विद्यार्थ्यानं एक छोटा प्रोग्राम नेटवर्कवर सोडला. एका यंत्रावरून दुसऱ्यावर आपोआप जाणारा. कुणाचं काही पुसायचा त्याचा बेत नव्हता. पण 'इथे मी आधीच आहे' असं उत्तर आलं तरी सातातून एकदा तिथे पुन्हा शिरायचं, असं त्यानं लिहून ठेवलं होतं आणि तो हिशेब चुकला. एकाच यंत्रात त्या प्रोग्रामच्या प्रतींवर प्रती साठत गेल्या आणि सुमारे ६,००० संगणक गुदमरले, असा अंदाज सांगतात. आता त्याचे वडील कोण, ते ऐका. थोरले रॉबर्ट मॉरिस. युनिक्सच्या पासवर्डच्या सुरक्षेवर मूलभूत काम केलेले, आणि त्या वेळी अमेरिकी सरकारच्या राष्ट्रीय संगणक सुरक्षा केंद्राचे प्रमुख शास्त्रज्ञ. एवढ्या घरातला मुलगा! कोर्टानं त्याला ३ वर्षांचं प्रोबेशन, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड ठोठावला. पुढे तोच मुलगा एमआयटीमध्ये प्राध्यापक झाला, हेही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही आज रात्रीच घरातला राउटर कपाटात ठेवाल.

आता या पदवीत असतं काय, ते. पहिल्या वर्षी मुलाची निराशा ठरलेली. गणित, भौतिकशास्त्र, सी भाषा, क्वचित ड्रॉइंगची शीटसुद्धा. "हॅकिंग कधी शिकवणार?" असं विचारत मुलं माझ्या केबिनपाशी घुटमळतात. दुसऱ्या वर्षी डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क. आईच्या मोबाइलवरून पाठवलेले दोनशे रुपये किराणा दुकानदाराच्या फोनवर 'टिंग' करेपर्यंत कुठेकुठे थांबतात, प्रत्येक थांब्यावर कोण कुणाला काय विचारतं, हे ज्याला कागदावर काढता येत नाही, त्याला मधे कुणी घुसलं तर ते कसं दिसणार? ही दोन वर्षं रटाळ वाटतात. पुढची इमारत त्यावरच उभी असते, म्हणून या काळात क्लासच्या जाहिराती बघून मूल चुळबुळ करायला लागलं तर थोडं थोपवून धरा.

तिसऱ्या वर्षी गूढलेखनशास्त्र येतं, म्हणजे क्रिप्टोग्राफी. मी वर्गात गेल्यागेल्या फळ्यावर लिहिते, ६१ गुणिले ५३. चुटकीसरशी उत्तर येतं, ३२३३. मग उलटं विचारते, ३२३३ हा आकडा कोणत्या दोन मूळ संख्यांचा गुणाकार आहे, हे आधी माहीत नसतं तर? वर्ग गप्प होतो, भागाकार सुरू होतात. या दोन इटुकल्या संख्यांच्या जागी तीनतीनशे अंकी मूळ संख्या घ्या. गुणाकार क्षणात होतो, पण उलटा प्रवास करायला आजची यंत्रं बसली तर बसूनच राहतील. रिव्हेस्ट, शमिर आणि अॅडलमन या तिघांनी १९७७मध्ये या गोष्टीतून कुलूप घडवलं. हे सांगून झालं की मागच्या बाकावरचा एखादा मुलगा पहिल्यांदाच पेन उघडतो. शाळेत गणितानं रडवलेल्या मुलीला इथे गणित आवडायला लागलेलं मी पाहिलं आहे.

मग पुण्याची गोष्ट. ऑगस्ट २०१८, कॉसमॉस बँक. एटीएममध्ये कार्ड घातलं की यंत्र बँकेला विचारतं, पैसे देऊ का? बँक खातं बघून हो किंवा नाही म्हणते. घुसखोरांनी या दोघांच्या मधे स्वतःचा एक खोटा मध्यस्थ बसवला. विचारणा बँकेपर्यंत पोचायचीच नाही, आणि मध्यस्थ प्रत्येक वेळी 'हो' म्हणायचा. ११ ऑगस्टला बनावट कार्डांवरून काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, १३ तारखेला आंतरराष्ट्रीय व्यवहारांच्या वाटेनं हाँगकाँगला आणखी रक्कम गेली. एकूण सुमारे ९४ कोटी. वायरमनच्या भाषेत सांगायचं तर ऑपरेटरच्या खुर्चीत भलताच माणूस बसून परमिटवर सह्या करत होता. त्या परमिटाच्या खरेपणाची तजवीज करणं, ते आलं कुठून हे दर वेळी तपासणं, आणि चुकून खोटं चाललंच तर तासाभरात कुणाच्या तरी नजरेत यावं अशी व्यवस्था करणं, हा चार वर्षांचा अभ्यास.

बँकच कशाला? नोव्हेंबर २०२२मध्ये दिल्लीच्या एम्समधली संगणक यंत्रणा सायबर हल्ल्यानं बंद पडली, तेव्हा कित्येक दिवस केसपेपर हातानं लिहावे लागले. माहिती चोरीला गेली नाही तरी, हवी तेव्हा मिळाली नाही की माणूस रांगेत ताटकळतो. तेव्हा स्कोपचं उत्तर हेच, की जिथे जिथे संगणक आहे तिथे हे काम आहे. शिवाय मोठी घटना घडली की ६ तासांच्या आत केंद्राच्या सर्ट-इन या संस्थेला कळवा, असा २०२२चा आदेश आहे. २०२३च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यात दंडाची मर्यादा २५० कोटींपर्यंत नेली आहे. कंपन्या काही अचानक सद्गुणी झालेल्या नाहीत. दंडाच्या धाकानं का होईना, त्यांना माणसं लागतात.

मात्र ब्रँचच्या नावाला भुलू नका. हे मी माझ्याच व्यवस्थापनाला न आवडणारं बोलते आहे. 'सायबर सिक्युरिटी' अशी पाटी लावून सुरू झालेल्या ब्रँचला शिकवायला कोण आहे, ते विचारा. प्रयोगशाळा दाखवा म्हणा. तिथे राउटर, स्विच उघडून ठेवलेले दिसले, वायरींचा पसारा दिसला तर खुशाल आनंद माना. सगळं कव्हरखाली झाकलेलं आणि चकचकीत असेल तर दुसरं कॉलेज बघा. चांगल्या कॉलेजातलं साधं कॉम्प्युटर किंवा आयटी मिळत असेल तर ते घ्या, सुरक्षेचे विषय पुढे निवडता येतात. या ब्रँचला न गेलेल्या मुलांनीही नाउमेद होऊ नये. पुण्याच्या सी-डॅकचा डिटिस हा सुमारे सहा महिन्यांचा डिप्लोमा आहे, त्याला सी-कॅट नावाची प्रवेश परीक्षा असते. तिथून बाहेर पडलेली, रगडून काम केलेली मुलं मला माहीत आहेत. एमटेक करायचं तर खडकवासल्याजवळ गिरिनगरला डीआयएटी आहे. न्यायवैद्यकाकडे ओढा असेल तर गांधीनगरचं राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ, त्याचं एक आवार गोव्यातही आहे.

'शंभर टक्के प्लेसमेंट'वाल्या खासगी क्लासबद्दल फार बोलत नाही, फक्त एक गोष्ट सांगते. अमेरिकेत आयटीटी टेक्निकल इन्स्टिट्यूट नावाची नफ्यासाठी चालवलेली संस्था होती, शंभराहून जास्त शाखा, माहिती प्रणाली सुरक्षेची पदवीसुद्धा द्यायची. सप्टेंबर २०१६मध्ये तिला एकाएकी टाळं लागलं. मुलांच्या डोक्यावर कर्ज, आणि तिथले गुण दुसरी कॉलेजं धरेनात. २०२२मध्ये तिथल्या सरकारनं सुमारे २ लाख ८ हजार विद्यार्थ्यांचं ३.९ अब्ज डॉलरचं कर्ज माफ केलं, म्हणजे मधली सहा वर्षं ती मुलं आणि त्यांचे आईबाप काय भोगत असतील! फी भरायच्या आधी एआयसीटीईची मान्यता आणि विद्यापीठाची संलग्नता स्वतःच्या डोळ्यांनी बघा. दलालाच्या मोबाइलवर बघू नका.

प्रमाणपत्रांचंही तसंच. एकोणीस वर्षांच्या मुलाला कुणी सीआयएसएसपी देतो म्हणालं तर तिथून उठा, त्याला क्षेत्रातला ५ वर्षांचा अनुभव लागतो, पदवी असली तर त्यातलं एक वर्ष सुटतं. ओएससीपीची परीक्षा जवळजवळ चोवीस तास चालते, खरोखरची यंत्रं फोडून दाखवावी लागतात आणि मग अहवाल लिहावा लागतो. चौथ्या वर्षात मूल स्वतःहून त्या परीक्षेबद्दल बोलायला लागलं तर त्या पैशांचा विचार करा, आधी नको.

मुलींच्या आया मला बाजूला घेऊन विचारतात, "रात्रपाळी असते का हो?" असते. सुरुवातीची पुष्कळ कामं एसओसीमध्ये, म्हणजे चोवीस तास पहारा देणाऱ्या खोलीत असतात. समोर पडदे, त्यावर येणारे इशारे, त्यातले बहुतेक खोटे. शंभर वेळा मांजर निघतं आणि एकशे एकाव्या वेळी चोर असतो, तेव्हा डोळा लागून चालत नाही. नर्सची पाळी असते, स्टेशनमास्तरची असते, तशी ही. माझ्या एका विद्यार्थिनीला घरच्यांनी याच कारणासाठी पहिली नोकरी घेऊ दिली नाही. ती आज ऑडिटच्या कामात आहे, दिवसाची नोकरी, चांगलं चाललं आहे तिचं. पण भेटली की अजून त्या पडद्यांबद्दल विचारते.

घरी तुम्ही काय करावं? लाखाचा लॅपटॉप नको. सोळा जीबी रॅमचा जुना, लिनक्स टाकलेला पुरतो. त्यात दोन बनावट यंत्रं उभी करून एकातून दुसरं फोडायचा सराव होतो, कुणाच्या केसालाही धक्का लागत नाही. पिकोसीटीएफ, बँडिट असे फुकट खेळ आहेत, मुद्दाम फोडण्यासाठीच बनवलेले. मूल रात्री दोनला 'मिळालं!' म्हणून ओरडलं तर रागावू नका, विचारा काय मिळालं. अर्धं कळलं नाही तरी चालेल.

आणि घरातल्या चार गोष्टी आधी आपल्याच नीट करा. एटीएमचा पिन मुलाची जन्मतारीख, वायफायचा पासवर्ड घराचं नाव, दुकानाच्या संगणकात चोरीची विंडोज, आणि लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सअॅपवर आलेली एपीके फाइल मामांनी उघडलेली. हे सगळं मुलाकडूनच दुरुस्त करून घ्या. मात्र "मावशीचं फेसबुक जरा उघडून दे रे, ती फोन उचलत नाहीये," असं काम त्याला सांगू नका. मावशीला विचारल्याशिवाय तर नाहीच. तुमच्या लेखी ती घरची गोष्ट असते. त्याच्या बोटांना मात्र त्या दिवशी वेगळंच वळण लागतं.

त्या वायरमनच्या मुलाचं पुढे काय झालं, ते राहिलं. केबिनबाहेर वडील त्याला म्हणाले, "आदी त्या पोरीची माफी माग, सायबांची मागनं." त्यानं मागितली, वर्गासमोर. प्राचार्यांनी महिनाभर निलंबित करून प्रकरण तिथंच मिटवलं. दिवाळीच्या सुट्टीत मी त्याला बोलावलं आणि प्राचार्यांच्या लेखी परवानगीनं आम्ही दोघं त्या वेबसाइटसमोर बसलो. आणखी तीन फटी सापडल्या. त्या परवानगीचा नमुना कसा असावा, यावर आमचं घोडं अडलं होतं, तेव्हा त्यानं वडिलांना फोन लावला आणि त्यांनी सबस्टेशनच्या रजिस्टरचे रकाने एकेक करून सांगितले. मी लिहून घेतले. लाइनच्या जागी यंत्रणा, फीडरच्या जागी सर्व्हर.

मुलगा आता पुण्यात एका एसओसीत पहारा देतो, रात्रपाळीला. आमच्या लॅबमध्ये तो नमुना अजून चालतो आणि नव्या मुलांनाही त्याला परमिट म्हणायचीच सवय लागते. शेवटचा रकाना मी बदलला नाही. तपासणी संपली, जोडलेलं सगळं काढलं, की सहीच्या वर तिथे लिहायचं असतं: माणसं खाली उतरली.